सेठ-सेठानीचं पाणी

ऊर्जानगर,
२३ जून २०२४

आफ्रीन बेटी,

सलाम आणि खूप खूप दुआ. अब्बाचं पत्र पाहून घाबरू नको, कोणाले काही झालं नाई.

फोन काऊन नाई केला म्हणशील. फोनवर आपलं काय होते तुले माहीत आहे. तू हॅलो म्हणते, मी हॅलो म्हणतो, मंग तिकडून तू रडाले लागते आणि इकडून मी 'आवाज कटून राह्यला' म्हणून ठेवून देतो. कामाचं बोलणं राहूनच जाते. म्हणून लिहून राह्यलो. घरी आपण हिंदी बोलतो, पण हातात पेन घेतला का हात मराठीच लिहिते. मुखरू गुरुजींच्या छडीची मेहरबानी.

काम असं आहे. जाहिदच्या माशांच्या टाकीचं खारं पाणी पिवळं पडलं. बिनदुधाचा पातळ चहा असते ना, तसं. वास पण येते. तो होता तवा तुम्ही दोघं त्यात काहीतरी काळं टाकत होते, आणि पाणी आरशासारखं होत होतं. ते काय होतं, कुठी ठेवलं आहे, कसं टाकाचं, सगळं लिहून पाठव. मी हेमराजले विचारलं. तो माझ्यासोबत कोल प्लांटमध्ये जन्मभर राह्यला, त्याले काय समजणार! म्हणते, "बडे मियाँ, दिवसभर बेल्टवर कोळसा पाह्यता, आता घरी पण कोळसाच टाकता का?" मी म्हटलं, हसून घे बाबू.

पण हसाची गोष्ट नाई, बेटी. जाहिदच्या मागं इद्दतीचे चार महिने दहा दिवस काढून तू माहेरी अहेरीले गेली, तवापासून तुझी अम्मी कोणाशीच बोलत नाई. शेजारची चंचल येते, बसते, चहा पिऊन निघून जाते, ही हूं का चूं करत नाई. बोलते ती फक्त माशांशी. संध्याकाळी टाकीपुढे स्टूल घेऊन बसते आणि त्या दोघांले सगळं सांगते: आज काय भाजी केली, पाणी केवढं पडलं. तुमच्या लग्नाच्या वर्षी जाहिदनं आणलेले ते नारंगी सेठ-सेठानी. त्याचेच हात लागलेले मासे आहेत म्हणते. ते मेले तं ही कशी राहील, हे मले विचारू नको. मले रात्री झोप नाई.

म्हणून लवकर लिही. आणि कधी येते तेही लिही.

तुझा अब्बा,
कमरुद्दीन


अहेरी,
१ जुलै २०२४

अब्बा,

सलाम. पत्र वाचून आधी हसली, मंग काय झालं ते तुम्हाले माहीतच आहे.

त्या काळ्याले ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. टाकीखालच्या कपाटात उजव्या हाताले निळ्या झाकणाचा डबा आहे, त्यात आहे. आणि अब्बा, हात जोडतो, तुमच्या प्लांटचा कोळसा त्यात टाकू नका! चुलीतला नको, शेगडीतला नको. हा नारळाच्या करवंटीचा असते, वेगळ्या भट्टीत तापवलेला. त्याच्या एकेका दाण्याले बारीक बारीक भोकं असतात. पाण्यातला पिवळेपणा, वास, माशांची घाण, जे पाण्यात विरघळून जाते आणि जाळीत सापडत नाई, ते त्या भोकांत जाऊन अडकते. जाहिद म्हणत होता, ही घाण समुद्रात वाहून जाते, आपली तं तीन फुटांची टाकी, आपल्याले कार्बनच लागते.

आता नीट ऐका. दोन मुठी कार्बन घ्या, जास्त नाई. नळाखाली धुवा. आधी काळं पाणी निघते, तुमच्या कामाच्या कपड्यांचं निघते तसं. हातानं हलवत राहा, काळं निघणं बंद झालं का शेवटी फिल्टरच्या गोड्या पाण्यानं एकदा धुवा. मंग बारीक जाळीच्या थैलीत भरा आणि मागच्या खणात, जिथून पाण्याची धार पडते, तिथी ठेवा. धार त्याच्यातूनच गेली पाह्यजे, बाजूनं गेली तं काही उपयोग नाई.

एक मूठ आज, दुसरी चार दिवसांनी. काऊन का पिवळ्या पाण्याची सवय पडलेल्या कोरलले, टाकीतल्या त्या जिवंत पोवळ्याले, एकदम लख्ख उजेड सोसवत नाई, ते आकसून जाते. आपल्यालेही अंधारातून उन्हात गेलं का डोळे मिटावे लागतात ना, तसं.

तीन आठवड्यांनी थैलीतला कार्बन फेकून नवीन टाका. एकदा त्याची भोकं भरली का तो नुसताच खडा राहते. धुतलं तरी रिकामा होत नाई.

अम्मीले सांगा, सेठानीले तिच्या हातानंच दाणे टाकावे. ती माझ्या हातचं कधीच नीट खात नव्हती, मोठ्या घरची ना!

मी इतक्यात येऊ नाई शकत. अकरमभाईची बायको कहकशाँ बाळंतीण आहे, पोरगी झाली. घरी हात कमी पडतात.

तुमची,
आफ्रीन


ऊर्जानगर,
२ ऑगस्ट २०२४

आफ्रीन बेटी,

दुआ. तुझं पत्र उशिरा भेटलं. आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रक फसला होता म्हणे, टपाल तिकडेच अडकलं. पाकीट आलं का तुझी अम्मी मले दारातच पकडते. तिले मराठी वाचता येत नाई, म्हणून उभ्या उभ्या मोठ्यानं वाचून दाखवा लागते. 'मोठ्या घरची' वाचलं तं तोंडावर पदर घेऊन हसली. खरं सांगतो, हसली. मी तीच ओळ पुन्हा वाचली.

तू सांगितलं तसं सगळं केलं. बाथरूममध्ये बसून धुतलं. इतकं काळं निघालं का मले वाटलं ड्यूटीवरच आहो. एक मूठ टाकली, चार दिवसांनी दुसरी. आणि सकाळी उठून पाहतो तं काय, टाकीत पाणीच नाई! म्हणजे पाणी होतं, पण दिसत नव्हतं, इतकं साफ. सेठ-सेठानी हवेत उडून राह्यल्यासारखे वाटत होते. कोरलनं आपली सगळी बोटं उघडली होती. तुझी अम्मी सलीमा हातातलं काम टाकून आली, हेमराज आला, चंचल आली. चंचल म्हणे, "काका, आमच्या विहिरीत पण टाका ना थोडंसं."

आता खराब गोष्ट ऐक. आठ दिवस गेले नाई तं पाणी पुन्हा पिवळं. मी कार्बन बदलला. पुन्हा आठ दिवसांत तसंच. चंद्रपूरच्या दुकानातून नवीन डबा आणला, दुकानदाराले दोन शब्द सुनावले का माल खोटा आहे म्हणून. तो म्हणे, "चाचा, हाच माल जाहिदभाई नेत होते." मी पैसे मोजून निघालो. कोरलची बोटं आकसून गेली. पाण्यावर तेलकट साय धरते. सेठानी वरती येऊन तोंड मारत राहते. दाणे तोंडात घेते आणि थुंकते.

मीच कुठी चुकून राह्यलो का? धुवाले कमी पडते का? मी आता अर्धा तास धुतो.

सलीमाची हालत पाहवत नाई. पाणी पिवळं पडलं तसं तिनं टाकीपुढचं बसणं वाढवलं. आधी लोबान फक्त गुरुवारी, जुमेरातले जाळत होती, जाहिदच्या नावानं फातिहा पढताना, ते पण आतल्या खोलीत. आता रोज असरच्या नमाजपासून दिवेलागणीच्या मगरिबपर्यंत जाळते. लोबानदानी टाकीजवळच्या तिपाईवर आणून ठेवली. म्हणते, जाहिद इथीच बसत होता, दुआ इथीच पोहोचली पाह्यजे. खोली अशी भरून जाते का माणूस दिसत नाई. आईचा जीव आहे, काय म्हणणार.

सेठानीसाठी काही दवा असंल तं लिही. आणि तुझ्या वहिनीच्या पोरीले दुआ. तिचं झालं का येऊन जा दोन दिवस.

तुझा अब्बा


अहेरी,
९ ऑगस्ट २०२४

अब्बा,

हे पत्र मोठ्यानं वाचू नका. अम्मी समोर असंल तं खिशात टाका आणि प्लांटवर जाऊन वाचा. माझी कसम आहे.

तुमचं धुणं चुकलं नाई. दुकानदाराचा माल खोटा नाई. टाकीच्या मागच्या बाजूले जे फेस काढाचं यंत्र लावलं आहे ना, घूं घूं करते ते, ते खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडते. बाजूले हवेची मोटर आहे, ती पण तेच करते. खोलीत जे असंल ते पाण्यात जाते. जाहिद त्या खोलीत मच्छरची अगरबत्ती लावू देत नव्हता, मले अत्तर लावून टाकीजवळ येऊ देत नव्हता. मी चिडत होती का माशांचा एवढा लाड आणि बायकोले बाहेर काढते!

अब्बा, लोबानचा धूर पाण्यात चालला आहे. रोज दोन-दोन तास. तो सगळा धूर कार्बन आपल्या अंगावर घेऊन राह्यला, म्हणून तीन आठवड्यांचा माल आठ दिवसांत भरते. आणि भरला का मंग धूर सरळ माशांकडे जाते. पाण्यावरची साय त्याचीच असावी. सायीखाली त्यांचा दम घुटते, म्हणून सेठानी वरती येते.

दवा नका टाकू. दवा टाकली तं कार्बन तीच आधी खाऊन टाकते, आणि कार्बन काढावा तं धूर आहे. लोबान तिथून हटवणं हाच इलाज. वरची साय कागद टेकवून उचलून घ्या, चौथा हिस्सा पाणी बदला, नवीन कार्बन टाका आणि खिडकी उघडी ठेवा.

पण अम्मीले हे सांगू नका. लोबान तिच्या पोरासाठी आहे. तिच्या दुआनंच त्याचे मासे मरून राह्यले, हे कोणत्या तोंडानं सांगाचं? दुसरं काहीतरी कारण सांगा. काहीही सांगा.

आफ्रीन


ऊर्जानगर,
२४ ऑगस्ट २०२४

आफ्रीन बेटी,

दुआ. तुझं पत्र भेटलं. सगळं ठीक आहे.

सलीमा दारातच उभी होती, त्यामुळे प्लांटवर न्यायची सोय नव्हती. पण मी पण काही कमी नाई. पत्र हातात धरून मनचंच वाचलं. म्हटलं, आफ्रीन लिहिते का पाऊस लय आहे, वहिनीची पोरगी मामावर गेली, अम्मीले सलाम. ती ऐकून आत गेली. मंग संध्याकाळी मी खोकलो. चांगला जोरात खोकलो आणि म्हटलं, डॉक्टरनं मले धुरापासून दूर राहाले सांगितलं आहे, जन्मभर कोळशाची धूळ खाल्ली, आता फुफ्फुसं ऐकत नाई. तिनं लोबानदानी उचलली आणि मागच्या अंगणात पेरूखाली नेऊन ठेवली.

साय काढली, पाणी बदललं, नवीन कार्बन टाकला. पाणी एकदम साफ आहे. सेठ-सेठानी मजेत आहेत. दाणे खातात. तू काही काळजी करू नको. यायची पण घाई करू नको, तिकडचं सांभाळ.

कार्बन वेळेवर बदलतो.

तुझा अब्बा


अहेरी,
२ सप्टेंबर २०२४

अब्बा,

तुमच्या खोट्या खोकल्यावर कुर्बान जाऊ! पत्र वाचून इतकं बरं वाटलं का अकरमभाईले पण वाचून दाखवलं. तो म्हणे, "तुझे सासरे नाटकात पाह्यजे होते."

कोरलनं बोटं उघडली का? त्याचं तुम्ही काही लिहिलं नाई. फोटो काढता आला तं हेमराजकाकाच्या पोराकडून पाठवा.

इकडे शिलाईचं काम वाढलं आहे, बाजाराच्या दिवशी तं मान वर करता येत नाई. म्हणून या महिन्यात पण जमंल असं वाटत नाई. नाराज नका होऊ.

आफ्रीन


ऊर्जानगर,
२० सप्टेंबर २०२४

आफ्रीन बेटी,

मी तुझी अम्मी बोलून राह्यली. लिहून चंचल राह्यली. तुझे अब्बा फर्स्ट शिफ्टले गेले आहेत.

तुझे अब्बा मले खोटं पत्र वाचून दाखवतात. पोरी, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मले त्यांचा आवाज वाचता येते. कागद दोन्ही बाजूनं भरलेला आणि वाचलं तीन ओळींचं. वाचता वाचता कानाची पाळ लाल झाली. ते दुपारी झोपले तवा त्यांच्या खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून काढलं आणि चंचलकडून वाचून घेतलं. चंचल अर्ध्यात थांबली. मी म्हटलं, वाच.

तवा सगळं समजलं.

खोकल्याचं नाटक त्यांनी त्याच संध्याकाळी केलं. मले आधीच माहीत होतं, पण मी खरं मानल्यासारखं केलं. लोबानदानी उचलून नेली. ते खुश झाले का आपलं नाटक जमलं.

पण उशीर झाला होता, बेटी. दोन दिवसांनी सेठानी गेली. सेठ त्याच्या चार दिवसांनी गेला. तुले त्यांनी मजेत आहेत म्हणून लिहिलं, तवा दोघंही नव्हते. कोरल पण विरघळून गेलं. पेरूच्या झाडाखाली अब्बांनी खड्डा केला, मले खिडकीतून दिसलं. मले सांगितलं का मासे वेगळ्या टाकीत ठेवले, हेमराजकडे, दवापाण्यासाठी. मी हो म्हटलं.

माझी तू काळजी करू नको. मले पण वाटत होतं का हे मासे गेले तं मी जाईन. गेली नाई. सेठ मेला त्या दिवशी खूप रडली, माझ्याच धुरानं मेले म्हणून. चंचलच्या घरी जाऊन रडली, इथी नाई. मंग दुसऱ्या दिवशी उठून पोळ्या केल्या. जाहिदची कबर कब्रस्तानात आहे, टाकीत नव्हती, हे मले समजाले इतके दिवस लागले. आता जुमेरातले अंगणात लोबान जाळतो आणि चंचलशी बोलतो. ती हसून राह्यली लिहिता लिहिता. (काकू खरंच बोलतात. दिवसभर बोलतात. चंचल.)

मी तुझ्या अब्बांसाठी लिहून राह्यली.

रिकाम्या टाकीचा दिवा ते रोज लावतात. पाणी बदलतात, मीठ मोजतात. आणि कार्बन धुतात. तू सांगितलं होतं तीन आठवड्यांनी, ते आता दर दोन दिवसांनी बदलतात. कोणासाठी? आत तं कोणीच नाई. बाथरूममध्ये जातात, नळ पूर्ण सोडतात आणि एक-एक तास बाहेर येत नाई. कार्बन धुवाले एक तास लागते का? त्यांले वाटते नळाच्या आवाजात मले ऐकू येत नाई. मले सगळं ऐकू येते. माणूस असा रडते का बेटी, मी दाराले कान लावून उभी राहतो.

जाहिद गेला तवा ते रडले नाई, आठवते? लोक म्हणत होते, कमरुद्दीनभाईनं काय हिंमत ठेवली. मले वाटत होतं का मी तुटली आणि ते उभे आहेत. आपण सगळे मलेच सांभाळत राह्यलो. तू पण, ते पण. त्यांच्याकडे कोणी पाह्यलंच नाई.

मी दार वाजवू शकत नाई. वाजवलं तं त्यांले समजंल का मले सगळं माहीत आहे. मंग ते नळावर जाणं पण बंद करतील, आणि त्यांच्याजवळ तेवढीच एक जागा आहे. तुले ते जाहिदच्या जागी मानतात. तू येऊन जा. माझ्यासाठी नको येऊ. तू काऊन येत नाई ते मी विचारणार नाई, या घरात पाय ठेवणं मलेच कठीण जाते, मी तं इथीच राहतो.

मी पत्र लिहिलं हे त्यांले सांगू नको.

तुझी अम्मी,
सलीमा


अहेरी,
२६ सप्टेंबर २०२४

अब्बा,

सलाम. पुढच्या शनिवारी, ५ तारखेले, सकाळच्या गाडीनं येऊन राह्यली. अकरमभाई आलापल्लीपर्यंत सोडून देते, तिथून चंद्रपूरची थेट गाडी आहे. दुपारपर्यंत स्टँडवर पोहोचतो.

या वेळी मी सेठ-सेठानीचं काही विचारत नाई. तुम्ही पण काही लिहून कळवू नका. लिहाले बसलं का चांगलं चांगलंच लिहिलं जाते. मले माहीत आहे, मी पण तेच करून राह्यली होती. कहकशाँची पोरगी आता मान धरते. शिलाईचं काम कोणीही करू शकते. त्या खोलीत जाहिद नाई आणि त्याची मोटर चालू आहे, हे मले पाहवत नव्हतं, एवढंच कारण होतं. आता तुम्ही एकटे ते पाहून राह्यले, हे त्याहून जास्त वाईट वाटते.

मोटर बंद करायची असंल तं मी आल्यावर करू. चालू ठेवायची असंल तं चालू ठेवू. तुम्ही म्हणाल तसं.

अब्बा, त्या दिवशी नागपूरहून जाहिदची मय्यत घरी आणली तवा तुम्ही लोकांसाठी खुर्च्या मांडत होते. पाणी आणून देत होते. अम्मीले कोणी धरलं होतं, मले कोणी धरलं होतं. तुम्ही खुर्च्या मांडत होते. मले ते आता रोज दिसते.

शनिवारी मी तुमच्याजवळ बसीन. काही बोलू नका, कोणाची हिंमत वाढवू नका. शिफ्टचं कारण सांगू नका, सुट्टी टाका.

तुमची बेटी,
आफ्रीन